ओटीच्या भिंतीवरचा ४१३९९

मी दहावीला नापास झाले त्या दिवशी वर्तमानपत्रात माझा नंबर पास झालेल्यांच्या यादीत छापून आला होता. छपाईची चूक नव्हती. बोर्डाचीही नव्हती. जी काही चूक होती ती आमच्या माहीमच्या घराच्या भिंतीवर, चुन्याने, वीतभर अक्षरात लिहिलेली होती आणि ती तशी लिहायला मीच सांगितलं होतं. (हे पालघरजवळचं माहीम. मुंबईच्या माहीमशी आमचा संबंध एवढाच, की त्यांची पत्रं अधूनमधून आमच्याकडे यायची आणि पोस्टमन ती आम्हीच वाचावीत असा आग्रह करायचा.)

आधी भिंतीबद्दल सांगते. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, पानवेलीची बाग करायचे. शिक्षण सातवीच्या फायनलपर्यंत. ते फायनल पास झाले होते, पण ती बातमी त्यांना आठ दिवस उशिरा कळली, कारण पालघरला जाऊन यादी बघून आलेला माणूस वाटेत मुरब्याला लग्नाला थांबला आणि तिथेच रमला. ते आठ दिवस अप्पांनी नापास मुलगा म्हणून मान खाली घालून पाणी शेंदलं. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, निकाल कुणाच्या खिशात नको, रस्त्यावर पाहिजे.

पुढे दहावीचे निकाल वर्तमानपत्रात छापून यायला लागले. नाव नाही, गुण नाहीत, नुसते पास झालेल्यांचे बैठक क्रमांक, मुंग्यांच्या रांगेसारखे. निकालाच्या दिवशी अप्पा पहाटे सायकलवरून पालघर स्टेशनला जायचे आणि पेपर घेऊन यायचे. पहिल्या वर्षी ओटीवर इतकी झोंबाझोंबी झाली, की पेपर मधोमध फाटला आणि अर्धा गाव पास झालाय की नाही हे संध्याकाळपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या वर्षी अप्पांनी भिंत काढली.

म्हणजे भिंत होतीच, गेरूने सारवलेली, अगदी रस्त्याला लागून. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की त्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या परीक्षार्थींनी ओटीपुढे जमायचं, आपापला नंबर स्वतःच्या तोंडाने सांगायचा आणि अप्पांनी तो काथ्याच्या कुंचल्याने भिंतीवर लिहायचा, पुढे नाव. निकालाच्या दिवशी पेपर बघून पास झालेल्या नंबराभोवती निळीचं वर्तुळ काढायचं. कपड्यांना घालतात तीच नीळ. ज्याच्याभोवती वर्तुळ नाही, तो दिवाळीच्या रंगकामापर्यंत तसाच उघडा. आईला हे अजिबात पसंत नव्हतं. नापास पोरांना असं भर रस्त्यात कशाला टांगून ठेवता, असं ती दरवर्षी विचारायची. अप्पा म्हणायचे, "लपवलं की लोक जास्त बोलतात."

भिंतीची कीर्ती दूरवर गेली होती. बोईसर-तारापूरकडे तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते. तिथला एक मुकादम एका वर्षी माणसं शोधत आमच्या दारात आला, भिंत नीट निरखून पाहिली आणि म्हणाला, "नीला वाला पाँच लड़का चाहिए।" अप्पांनी पाच जणांना हाका मारल्या. त्यानंतर तर त्यांना ती भिंत देवळाच्या बरोबरीची वाटायला लागली. कुणी नंतर येऊन, माझा नंबर चुकून लिहिला गेला, असं सांगू लागला तर ते ऐकून घ्यायचे नाहीत. एकदा सांगितलेला नंबर पुसायचा नाही आणि बदलायचाही नाही, हा नियम होता.

तर अशा घरातली मी एकुलती एक मुलगी, आणि त्या वर्षी गावातून दहावीला बसलेलीही एकटीच मुलगी. बाकी सतरा मुलगे. मी पास झाले तर पालघरला कॉलेजात घालायचं असं अप्पांनी सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. नापास झाले तर मला एडवणला आत्याकडे पाठवायचं हे आत्याने स्वतःच ठरवलं होतं. आत्याकडे चार म्हशी होत्या आणि मुलगी एकही नव्हती.

परीक्षेचं केंद्र पालघरला. आमच्या शाळेची यादी मुलींपासून सुरू व्हायची आणि तिच्यात माझं नाव पहिलं, त्यामुळे माझ्या पुढच्या बाकावर दुसऱ्या कुठल्यातरी शाळेचा शेवटचा मुलगा बसला होता. माझ्या मागच्या दोघी आमच्याच शाळेतल्या, पण केळव्याच्या. हा पुढचा मुलगा म्हणजे चमत्कार होता. दोन पेनं, शाईची भरलेली दौत, आणि प्रत्येक पेपरला पुरवण्या किती, तर पाच! घंटा झाल्यावर दोरे बांधायला पर्यवेक्षक त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचे, कारण गठ्ठाच तेवढा असायचा. आपण ज्या प्रश्नाला चार ओळी लिहितो त्याला हा चार पानं लिहितो म्हटल्यावर माझी त्याच्यावर श्रद्धाच बसली.

गणिताच्या पेपरला भूमितीचा एक अख्खा प्रश्न मी सोडवलाच नाही. अवघड होता म्हणून नव्हे. तो प्रश्नपत्रिकेच्या मागच्या पानावर होता आणि मागे पान असतं हे मला बाहेर आल्यावर समजलं. केळव्याच्या दोघी उत्तरं ताडून बघत होत्या आणि मी त्यांना विचारत होते, हा कुठला प्रश्न? त्या क्षणापासून मी मनाने नापास होते, संध्याकाळी बसमधून उतरताना आणि पुढचे सगळे दिवसही.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी संध्याकाळी अप्पा चुन्याची बादली घेऊन उभे होते. सगळ्यात लहान नंबर आधी, म्हणजे पहिली मीच. समोर सतरा मुलगे, त्यांचे बाप, शेजारपाजार. भिंतीवर माझा नंबर दिवाळीपर्यंत वर्तुळाशिवाय बसलेला मला आत्ताच दिसू लागला. अप्पांनी विचारलं, नंबर काय? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकेचाळीस हजार तीनशे नव्व्याण्णव."

तो माझा नंबर नव्हता. तो पाच पुरवण्यावाल्याचा होता. त्याचं हॉल तिकीट आठ दिवस माझ्या डोळ्यांपुढे बाकाच्या कोपऱ्यावर होतं.

यामागे माझा विचार होता, अगदीच वेडेपणा नव्हता. भिंतीवर मी पास होणार. पुढे पंधरा दिवसांनी शाळेतून गुणपत्रिका येईल, तिच्यात मी नापास असेन, पण ती चारचौघांत कोण बघतंय? तेव्हा आईला आधी सांगू, आई अप्पांना सांगेल, आणि नापास व्हायचंच आहे तर ते घरातल्या घरात होता येईल. सोळाव्या वर्षी मला ही योजना इतकी बिनतोड वाटली होती, की तिच्यात भोक कुठे आहे हे शोधायची गरजच वाटली नाही.

अप्पा कधी कुणाचं हॉल तिकीट बघत नसत. तरी मला रात्रभर धाकधूक. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पानांच्या टोपल्या भरायला बसलो. खाली केळीची सुकी पानं, वर विड्याच्या पानांचे थर. एका टोपलीत मी माझं हॉल तिकीट घडी करून मधल्या थरात सरकवलं. दुपारी टोपल्या पालघर स्टेशनवर गेल्या आणि तिथून दिल्लीकडे. दिल्लीतल्या कुठल्या पानवाल्याला माझा फोटो मिळाला आणि त्याने त्याचं काय केलं, देव जाणे.

एप्रिल आणि मे छान गेले. येणारे-जाणारे भिंत बघायचे, मी पण बघायचे. बघून बघून मला तो ३९९ माझाच वाटायला लागला होता. मनातल्या मनात मी त्या मुलाला शुभेच्छा देत होते.

निकालाच्या दिवशी अप्पा पेपर घेऊन आले तेव्हा ओटीपुढे उभं राहायला जागा नव्हती. घरची मुलगी म्हणून मला शेवटी ठेवलं होतं. आपल्या पोरीचं आधी बघितलं असं कुणी म्हणायला नको! अप्पा स्टुलावर चढले आणि एकेक नंबर शोधत निळीची वर्तुळं काढत गेले. एक, दोन, पाच, दहा, सतरा. सतराच्या सतरा मुलगे पास. असं गावात कधीच झालं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आता मी होते.

अप्पांनी यादीवर अंगठा ठेवला. चष्मा पुसला. पुन्हा अंगठा ठेवला. मी त्यांच्या कोपराखालून बघत होते. ४१३९७, ४१३९८ आणि त्यापुढे लगेच ४१४००. मधला नव्हता. पाच पुरवण्या घेणारा मुलगा नापास झाला होता, आणि मागचं पान न बघणारी मी पास! माझा खरा नंबर अप्पांच्या अंगठ्याला लागून स्वच्छ छापलेला होता, आणि अप्पा त्याच्या अलीकडच्या जागेत मला शोधत होते.

शेवटी ते स्टुलावरून खाली उतरले. "माझी कुंदा यात नाय," ते म्हणाले. "जे हाय ते हाय." आणि निळीची वाटी आईच्या हातात देऊन सरळ बागेत निघून गेले.

खरं सांगायला मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण समोर शंभर माणसं, हॉल तिकीट दिल्लीला, आणि अप्पांची पाठ. ती पाठ मला आजही दिसते. मी घरात शिरले आणि दुपारी सगळे जेवून पडल्यावर एक धाडस केलं. ओली चिंधी घेऊन भिंतीपाशी गेले. तीनाचा चार आणि नऊचे शून्य करायला कितीसा वेळ लागतो, असा हिशेब होता. पण तो चुना अप्पांच्या हातचा, त्यात डिंक घातलेला. पाच मिनिटं घासल्यावर दोन्ही नऊ फक्त पसरले, आणि तेवढ्यात कोणीतरी खोकलं म्हणून मी आत पळाले.

संध्याकाळी अप्पांनी ते फरकाटे पाहिले. त्यांना वाटलं, कुणी शेजाऱ्याने दया येऊन नंबर पुसायचा प्रयत्न केलाय. ते फार हळवे झाले, आणि हळवे झाले की ते जास्तच कडक वागत. आपल्या मुलीला नियमातून सूट नको, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत त्यांनी चुना कालवला आणि ४१३९९ नव्याने लिहिला. आधी वीतभर होता, आता हातभर झाला. रस्त्याच्या पार टोकावरून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एडवणहून आत्या आली. तिला बातमी कशी लागली ते कळलं नाही, पण येताना ती माझ्यासाठी रिकामी पिशवी घेऊन आली होती. मला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "रडू नको गं पोरी. आमी काय शिकलो? म्हशी तुला विचारणार नाय किती मार्क पडले ते." आणि आईला माझे कपडे काढायला सांगितले. आई आतून मुसमुसत एकेक परकर-पोलकं आणून देत होती.

तिकडे अप्पा शाळेत गेले होते, फेरतपासणीचा फॉर्म मिळतो का बघायला. आमचे मुख्याध्यापक, त्यांना सगळे हेडसर म्हणत, भला आणि भित्रा माणूस. शाळेचा निकाल पालघरहून घेऊन ते नुकतेच परतले होते. अप्पांना बघताच ते हसत पुढे आले आणि कुंदा पास झाली, पेढे कुठे आहेत, असं विचारू लागले.

यावर दुसरा कोणताही बाप नाचला असता. आमचे अप्पा भडकले! शाळेच्या छपरासाठी त्यांनी मागच्याच वर्षी आपल्या वाडीतले माड तोडून दिले होते. त्याची परतफेड म्हणून हेडसर मला पास करताहेत, अशी त्यांची ठाम समजूत झाली. असली मेहरबानी मला नको, असं सुनावून ते तिथून उठले. हेडसर यादीची घडी खिशात घालून त्यांच्या मागे धावत आले, आणि त्या दोघांच्या मागे वाटेत भेटेल तो. आत्या माझी पिशवी बांधत असताना ही सगळी वरात दारात आली.

"अप्पा, एकदा कागद तर बघा," हेडसर विनवत होते.

"कागद मागून. आधी भिंत बघा. हा नंबर पेपरात नाय. मग ती पास कशी?"

हेडसरांनी भिंत बघितली. हातभर नंबर बघितला. पेपर बघितला. आणि त्या बिचाऱ्याचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. आमच्या गावात छापील कागद आणि ती भिंत यांच्यात वाद झाला तर भिंतीचंच खरं मानायची सवय होती. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, बोर्डाकडूनच काही घोटाळा झाला असेल. अप्पा म्हणाले, मग तो दुरुस्त करून आणा. माझ्या पोरीच्या नावावर दुसऱ्याचं यश नको. हेडसरांनी मान डोलावली आणि अकराची पालघरची बस पकडायला ते खरोखर वळले.

एकीकडे म्हशी आणि दुसरीकडे हेडसर, माझा निकाल रद्द करायला निघालेले, आणि तेही माझ्या प्रामाणिक बापाच्या सांगण्यावरून. मी ओटीवरून ओरडले, "सर, थांबा. भिंत खोटी आहे."

सगळे वळले. भिंत खोटी आहे हे वाक्य त्या अंगणात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. मी रडत रडत सगळं सांगितलं. मागचं पान, पाच पुरवण्या, दिल्लीला गेलेलं तिकीट, ओली चिंधी, काहीच लपवलं नाही. आत्याने पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली, कारण काय करावं हे तिलाही कळेना.

अप्पा हळू म्हणाले, "भिंत खोटी नाय. तोंड खोटं." एवढंच. मला त्यांनी चार थपडा मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चुन्याची बादली ओढली, कुंचला बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरा सांग."

आता अडचण अशी, की दोन महिने ३९९ घोकून घोकून आणि आता एवढ्या लोकांपुढे रडून, काल पेपरात बघितलेला माझा खरा नंबर माझ्या डोक्यातून पार पुसला गेला होता. एवढंच आठवत होतं, की मी त्या मुलाच्या मागे होते, म्हणजे त्याच्यापेक्षा एक जास्त. मी डोळे मिटले, घाईघाईने एक मिळवला आणि मोठ्याने सांगितलं, "एकेचाळीस हजार तीनशे."

अप्पांनी लिहिला. ४१३००. पेपर उघडला, अंगठा ठेवला, चष्मा पुसला. अप्पांनी मान वर केली.

"हा पण नाय."

आईने डोक्याला हात लावला. आत्याने पिशवी उचलली. तेवढ्यात हेडसरांना खिशातला कागद आठवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि जरा अवघडून म्हणाले, "अप्पा, पोरगी हातचा विसरली. चारशे. एकेचाळीस हजार चारशे."

अंगणात जे हसू फुटलं ते बहुतेक केळव्यापर्यंत ऐकू गेलं असावं. आत्याही हसली, पिशवी खाली ठेवून. हेडसरांनी गणिताचे गुणही जाहीर वाचून दाखवले. पस्तीस. एक मार्क इकडचा तिकडे नाही.

अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा कुंचला बुडवला, ४१४०० लिहिला आणि त्याच्याभोवती निळीचं वर्तुळ काढलं. ते वर्तुळ अंड्यासारखं झालं. मग कुंचला ठेवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताची नीळ माझ्या केसांना लागली आणि चार दिवस निघाली नाही. मला ती काढावीशीही वाटली नाही.

आई म्हणाली, आता तरी ते वरचे दोन पुसा. अप्पा म्हणाले, सांगितलेला नंबर पुसायचा नाही. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, रोज मी त्या भिंतीसमोरून पालघरच्या कॉलेजात जात होते आणि बसची वाट बघणारे परगावचे लोक थांबून थांबून ती वाचत होते. त्या वर्षी माहीममधून अठरा जण दहावीला बसले आणि अठराच्या अठरा पास झाले. नापास झाले ते फक्त दोन नंबर, आणि दोन्हींच्या पुढे नाव माझंच होतं.